कंडक्टरबाई आणि 'आसवांचं लुगडं'

स्त्रीमन या विषयावर अख्ख्या दिग्रसमध्ये माझ्याइतका अभ्यास कुणाचा नाही, असं मी छाती ठोकून सांगत असे. जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसून, कापसाच्या दोन गाड्यांमधल्या वेळात मी एकोणीस कथा लिहिल्या, आणि एकोणीसही कथांत एकेक दुःखी बाई आहे! विसावी कथा 'आसवांचं लुगडं' दिवाळी अंकात छापून आली, तेव्हा तर मी आरशात बघून स्वतःलाच नमस्कार केला.

कथा अशी. सुशीला नावाची सोशिक बायको, नवरा दारुडा. तो मारतो, ती डोळ्याला पदर लावते. तो ताट फेकतो, ती डोळ्याला पदर लावते. शेवटच्या पानावर ती त्याच्या चपलांवर डोकं ठेवून प्राण सोडते. कथेला धार यावी म्हणून मी ती नवऱ्याच्या तोंडून लिहिली. म्हणजे 'मी' तिला मारलं, 'मी' ताट फेकलं. आणि खाली माझं नाव, गाव अन् हसरा फोटो!

इथंच घात झाला. कारण माझ्या बायकोचं नाव सत्यशीला. सुशीला काय, सत्यशीला काय, लोकांना तेवढं पुरलं. खरं तर सत्यशीला एसटीत कंडक्टर आहे, दिग्रस-पुसद गाडीवर. आवाज असा की मागच्या सीटवर घोरणारा माणूस झोपेतच तिकीट दाखवतो!

पहिला फोन आला दारव्ह्याहून, सासूबाईंचा. नंदाबाई त्यांचं नाव.

"जवाईबापू, अंक वाचला."

"कशी वाटली कथा?" मी पुरीसारखा फुगलो.

"मी येऊन राह्यली," म्हणाल्या आणि फोन बंद.

मला वाटलं, सत्काराला येताहेत! मी नवा शर्ट घालून दारात उभा. त्या जीपमधून उतरल्या, माझ्याकडे न बघता घरात शिरल्या आणि नुकत्याच ड्युटीवरून आलेल्या लेकीचे दंड तपासू लागल्या.

"कुठं मारलं, दाखव!"

"कोणी मारलं, माय?"

"झाकू नको पोरी! पुस्तकात छापून आलं!"

सत्यशीलानं अंक हिसकून घेतला आणि उभ्या-उभ्याच कथा वाचून काढली.

"सतरा पानं!" ती म्हणाली. "अन् सतरा पानांत या बाईनं एकदा तरी 'काहून मारता?' म्हणलं काय?"

सासूबाईंचा हट्ट, आत्ताच्या आत्ता दारव्ह्याला चल. लेक हलेना. मग त्याच मुक्कामाला राहिल्या. जेवताना माझ्यासमोर बसत. मी ताटाला हात लावला की त्या अर्ध्या उठत! चार घासांत माझं जेवण आटपू लागलं.

तिसऱ्या दिवशी सत्यशीला कामावरून आली आणि तिकिटाचं मशीन टेबलावर ठेवून गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे घरातली वीज गेल्यासारखंच!

"काय झालं?"

"मले आज एका बाईनं बसाले जागा देली. कंडक्टरले! रोज सामानाच्या तिकिटावरून भांडते तो मानूस म्हणे, 'असू द्या ताई, तुमाले घरीच लय तरास हाये,' अन् चुपचाप तिकीट काढलं त्यानं. बारा वर्सं झाली मले गाडीवर. आजलोक कोणी माही कीव केली नव्हती."

आवाज फाटला तिचा. डोळे भरले होते. खाकी शर्टाला पदर नसतो, तिनं बाहीनंच तोंड पुसलं. वीस कथांत मी बायका रडवल्या; खरी रडली, तेव्हा पाण्याचा तांब्या तेवढा पुढे केला.

"उद्या सकायच्या गाडीत या," ती म्हणाली. "अन् सांगा साऱ्याइले."

दुसऱ्या दिवशी गाडी गच्च भरलेली. मी मधल्या वाटेत मागे उभा राहिलो, घसा खाकरला आणि ओरडलो, "बंधू-भगिनींनो, मी दारू पीत नाही!"

नेमकी तेव्हाच रस्त्यावर म्हैस आली. आमचे ड्रायव्हर लालसिंग यांनी असा ब्रेक मारला की मी उडालो, तो थेट तिसऱ्या सीटवरच्या पेरूवाल्या मोतीबाईंच्या टोपलीवर!

"अव माय! सकायीच पिऊन आला काय हा?"

"उतरवा त्याले!" मागून कुणीतरी.

"अहो, ऐका तरी!" मी एक पेरू हातात धरून उठलो. "मी सुशीलेला कधीच मारलं नाही! सुशीला तर मेली!"

गाडीतल्या साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मोतीबाईंचा बारीक आवाज आला, "म्हंजे पयलीले मारून टाकलं काय यानं?"

एकच गिल्ला झाला! एकानं पोलिसांना लावायला मोबाईल काढला. दोघांनी माझी कॉलर धरली. तेवढ्यात टण्णकन घंटी वाजली आणि गाडी थांबली.

"सोडा त्याइले!" सत्यशीला गरजली. "हे माहे मालक हायेत. दारू तं सोडा, याइले ताक बी चढते! अन् ते कथेतली बाई मी नोहो. मी असती तं ते ताट दुसऱ्याच पानावर याइच्या डोक्यात बसलं असतं!"

गाडी हसून हसून हलायला लागली. सामानवाला माणूस तर टाळ्या पिटत होता. "लगेजचं तिकीट काढा आधी!" ती त्याच्यावर खेकसली, आणि तो सवयीनं भांडायला उठला. तिच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी तेज आलं!

मोतीबाई गुडघा चोळत होत्या. "मंग ते बाई कोणावरून लिहिली, बावा?"

"कुणावरूनच नाही," मी म्हणालो.

"कोन्या बाईले इचारलं तरी होतं काय?"

मी नकारार्थी मान हलवली. माझ्या हातातला पेरू त्यांनी मलाच ठेवू दिला.

संध्याकाळी सासूबाई दारव्ह्याला निघाल्या. जीपमध्ये बसताना म्हणाल्या, "जवाईबापू, तुमी ताट फेकत नाई, हे पायलं. उचलत बी नाई, ते बी पायलं."

मी त्या दिवशी सगळी भांडी घासली. मग हात पुसून नवी वही उघडली, वर तारीख घातली आणि सत्यशीलासमोर बसलो.

"खरंखरं सांग. शेवटच्या फेरीला गाडी रिकामी होते, तू खिडकीशी बसतेस. तेव्हा तुझ्या मनात काय चालतं?"

तिनं आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पेनाचं टोपण काढलं.

"खरं सांगू?"

"अगदी खरं!"

"मले वाटते, आज घरी गेल्यावर तुमी कथा वाचून दाखवू नये."

मी ते लिहून घेतलं. नंतर खोडावंसं फार वाटलं, पण खोडलं नाही. काय करणार! माझ्या आजवरच्या लिखाणात बाईच्या स्वतःच्या तोंडचं असं ते एकच वाक्य आहे.