आबांचा दोस्त

उंब्रजला माझ्या शेजारी राहणाऱ्या सुभेदार आबांना आजवर कसलंही दुखणं झालेलं नाही. दुखणी होतात ती त्यांच्या एका दोस्ताला. औषधाच्या दुकानात ते म्हणणार, "आमच्या एका दोस्ताला खाज उठलीया, मलम द्या." आणि पायऱ्या उतरता उतरता तेच मलम स्वतःच्या मानेला चोळणार. एकदा गाल टम्म सुजलेला असताना "दोस्ताची दाढ लय ठणकती" म्हणत लवंग मागायला आले. आमची ही म्हणाली, "दोस्ताला म्हणावं, आ करा." आबा हसले नाहीत. "मला कशाला? फौजी माणसाला काय हुतंय?"

हे पालुपद गावाला पाठ झालंय. चार वर्षांखाली बायकोला स्मशानात पोचवून परत येतानाही त्यांनी तेच ऐकवलं होतं. सुभेदार म्हणजे खमक्या गडी, असं आम्हीही धरून चाललो.

यंदा त्यांच्या लेकीचं, सुवर्णाचं, लग्न मेढ्याच्या घरात जमलं. सुपारी फुटली आणि दुसऱ्याच दिवशी आबा माझ्याकडे आले. "गाडी काढ गड्या. सांगलीला जायचंय. दोस्ताला डोक्याच्या डाक्टरला दावायचंय."

मी म्हटलं, "आबा, कराड जवळ पडतंय की."

"कराडात भावकी, साताऱ्यात पावणं. त्या घरात डोक्याचं हाय, एवढं मेढ्याला पोचलं की पोरीचं लगीन मोडलं. माझ्या आत्याचं तसंच मोडलं हुतं. जल्मभर भावाच्या दारात ऱ्हायली." त्यांनी आवाज इतका खाली आणला होता, की मीही उगाच मागे वळून पाहिलं.

दोस्त कुठे चढणार, हे मी विचारलं नाही. सांगलीत विश्रामबागेच्या दवाखान्यात खिडकीपाशी आबांनी बेधडक माझं नाव सांगितलं. "पेशंट ह्यो. मी सोबतीला आलोय." खरं सांगतो, पहिल्यांदा आठवलं ते माझ्याच पोराचं अजून जमायचं असलेलं लग्न. आता मीही मान खाली घालून बसलो.

आत डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "झोप कशी लागते?"

"झकास," मी म्हणालो. आबांनी टेबलाखालून माझा पाय तुडवला.

"लाजतोय, बाई. न्हाई लागत झोप. पहाटं दचकून उठतोय, छातीत धडधडतंय. मग घरात थांबवत न्हाई."

"मग कुठे जातात?"

"हिरीवर."

मला हसू येत होतं, ते जागीच विरलं. आमच्या दोघांत एकच विहीर आहे.

"काठावर हुबा ऱ्हातोय," माझ्याकडे बोट करून आबा सांगत होते. "पाण्याकडं बघत. अजून काय केलं न्हाई. पर पाय वढतोय त्याचा."

मी भ्यालो. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची आबांकडे वळवली. "आणि मग परत का फिरतात?"

"पोरगी उठायची येळ हुती. तिला माझ्याच हातचा च्या लागतोय."

"लग्न होऊन ती मेढ्याला गेली, म्हणजे?"

आबांचं बोट अजून माझ्याकडेच होतं. मी ते धरून खाली घेतलं.

बाईंनी आबांचं नाव विचारलं, बराच वेळ त्यांच्याशीच बोलल्या आणि गोळ्या लिहून दिल्या. "जवळच्या एखाद्याला हे माहीत असायला हवं," म्हणाल्या. सुवर्णाला सांगायला आबा तयार नव्हते; ऐकलं तर ती लग्नालाच उभी राहणार नाही, ही त्यांची धास्ती. आणि ती खोटी नव्हती.

परतताना गाडीत मी म्हणालो, "आबा, सुवर्णा गेल्यावर पहाटेच्या चहाला मी येत जाईन." चहाने मला जळजळतं, मी तो घेतच नाही.

आबांनी तोंड बाहेरच्या उसाकडे वळवलं. मग हळूच म्हणाले, "साखर किती लागती तुला?"