करमसिंगचाचांचा एकच ग्लास

करमसिंगचाचांच्या घरात ग्लास एकच होता. ताटही एक, खुर्चीही एक. कॉलेजसाठी नांदेडला आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच संध्याकाळी अर्धा चहा स्वतः पिऊन त्यांनी उरलेला माझ्यापुढे धरला.

"दुसरा ग्लास नाही का?" मी भीत भीत विचारलं.

त्यांनी फळीच्या वर बोट दाखवलं. तिथं भिंतीवर त्यांनी स्वतः निळ्या रंगात इक ओंकार काढला होता. आपल्यासारखाच एकचा आकडा, त्याला लागून ओंकाराचं अक्षर, वर लांब ओढलेली रेघ.

"मालिक एक हाय. ग्लास दोन कशाला?"

मी तर्कशास्त्र हा विषय घेतला होता. तो इथं कामी आला नाही.

चाचा पाट्या रंगवायचे. त्या वर्षी लातूर नवा जिल्हा झाला. आमच्या अहमदपूरकडच्या पाट्यांवर 'उस्मानाबाद' पुसून 'लातूर' लिहायचं काम त्यांना मिळालं. परत आले की म्हणायचे, "जिल्हे दोन केले, दुष्काळ एकच ठेवला. हिशेब बरोबर हाय."

एकदा गावाहून माझे वडील आले. आम्ही बौद्ध. गावच्या हॉटेलात आम्हाला कप मिळत नसे, म्हणून वडील पिशवीत स्वतःचा ग्लास बाळगत. चाचांनी पाणी पुढं करताच त्यांनी तो काढला. "याच्यात वता, सरदारजी."

"ह्याच ग्लासात प्या."

"तुमाला आमची जात ठावं न्हाई."

"तुम्हाला माझी ठावं हाय का?" असं म्हणून चाचांनी अर्धं पाणी पिऊन टाकलं आणि ग्लास तसाच धरून ठेवला.

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग ते एकदम हसले. "आजवर कुणी ग्लास दिला न्हाई, अन् तुमी देता त्यो उष्टा!"

"विसळायला पाणी कुठं हाय?" चाचा म्हणाले.

वडील प्याले. मग त्यांनी विचारलं, "पर दुसरा खरंच न्हाई?"

या वेळी चाचांनी भिंतीकडं बोट दाखवलं नाही. "होता. घरवाली गेल्यापासून पालथाच राहायचा. रोज दिसायचा. देऊन टाकला."

निघताना वडिलांनी आपला ग्लास धोतराच्या सोग्यानं पुसला आणि फळीवर सुलटा ठेवला. "हितं र्‍हाऊ द्या. आता ह्याचं वझं नको."

दुसऱ्या दिवशी मला चहा जुन्याच ग्लासात मिळाला. नव्याला चाचांनी हात लावू दिला नाही. "त्यो तुझ्या बाचा."

"मग एकाचं काय झालं, चाचा?"

"एक त्यो वरचा. खाली आपल्याला दोन लागतात." चाचांनी ग्लासावरची नसलेली धूळ फुंकली. "कधी येणार हायेत तुझे बा?"