भावजींचं रिबीट मारलेलं इमान

आमचं भावजी लग्नात जेवायला बसलं की आदी ताट वाजवत्यात. वाढप्या भाताचं घमेलं घिऊन उभा, आन ह्ये नखानं टिचकी मारून कान लावत्यात. "पत्रा ढिला हाय," म्हनत्यात, मग गप जेवत्यात. ताटालाच म्हनत्यात असं न्हाय. नव्या सरपंचाला भेटून आलं तवाबी त्येच म्हनालं. "घट्ट हाय" असं कुनाला म्हनल्यालं मी ऐकलं न्हवतं.

भावजी म्हंजे माझं धाकटं दीर, म्हादू. उभा जल्म येष्टीच्या वर्कशापात गाड्यांना पत्रं ठोकन्यात गेला. लगीन केलं न्हाय. रिटायर झालं आन गडमुडशिंगीला माझ्या सोप्यात, म्हंजे भाईरल्या खोलीत, यिऊन इमान करत बसलं.

पोरांच्या खेळन्यातलं न्हवं हो! पंख ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपातुर. मला चुलीकडं जायचं म्हंजे पंखाखालनं वाकून. सांगाड्याचं लाकूड कोल्हापुरातनं कंपुटरच्या मशिनीवर कापून आनलेलं, सुरीनं खवा कापल्यागत. बारकं सामान घरातच. टेबलावर एक मशीन, ती पलास्टिकची तार वितळवून जिलबी पाडल्यागत थर सोडत बसती. सकाळी लावली तर सांजच्याला एक चाक. ह्ये समदं मोबाइलात बघून शिकलं.

वरचा पत्रा मातर राजारामपुरीतल्या छापखान्यातला. छापून झाल्यावर पातळ प्लेटा भंगारात जात्यात, त्या आनायच्या. छापलेली बाजू आत. वरनं इमान चांदीगत, आन पोटात आख्ख्या तालुक्याची लग्नं. मला जोडून जोडून वाचता येतंय. पंख झाकायच्या आदी वाचलं, "आमचे येथे श्रीकृपेकरून."

फकस्त पायलटच्या जागंवर फडकं. काय केल्या काढू द्यायचं न्हाईत. "पायलट अजून आला न्हाय," म्हनायचं.

माझा ल्योक शिरपती कोल्हापुरात मोबाइलचं दुकान चालवतोय. एकदा आला, आन आल्या आल्या डोस्क्याला पंख लागला.

"आई, सोपा रिकामा कर. भाडेकरू ठेवायचाय. रविवारी हे भंगार भाईर पायजे."

"भंगार म्हनू नगंस," मी म्हनलं.

"काका, उडतंय का तरी?"

"न उडायला काय झालं!" भावजी म्हनालं.

रविवारी शेजारची मानसं बोलवली. इमान उचललं, दारापातुर गेलं आन अडकलं. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. निघंना.

"काका, पंख सुटं हुत्यात न्हवं?"

"न्हाय. रिबीट मारल्यात."

"आवो, मोबाइलात बोल्ट दावल्यात की!"

"येष्टीत कुटं काय सुटं ठेवत्यात? उभ्या जल्मात मी पत्र्याला बोल्ट मारला न्हाय."

समदी खो खो हसली. शिरपतीबी हसला, आन म्हनाला, "मग काढा रिबीट, न्हायतर कापा पंख. सोपा मला आजच पायजे."

भावजी उठलं. ड्रिल आनलं, खाली बसलं आन एकेका रिबिटाचं डोस्कं उडवाय लागलं. पत्रा फाटाय लागला. आन त्या धक्क्यानं फडकं घसरलं.

आत पायलट बसली हुती. येवढीशी बाई. त्या जिलबीच्या मशिनीतनं काढलेली. कासोटा घातलेला, पदर खवलेला, आन टोपीच्या जागी डोस्क्यावर चुंबळ.

मालक गेलं तवा शिरपती माझ्या कडंवर हुता. हितल्याच विमानतळाच्या कामाला मी जात हुतो. डोस्क्यावर चुंबळ, चुंबळीवर खडीची पाटी. सांजच्याला मान वळायची न्हाय. गावानं दीर-भावजयीच्या नावानं तोंड उघडू नगं, म्हनून भावजी वर्कशापातच झोपायचं. अधनंमधनं यायचं, पिठाचा डबा उंबऱ्यावर ठेवायचं आन तसंच माघारी. एकदा त्या उंबऱ्यावर मी म्हनलं हुतं, "खडी आमी व्हायची, आन उडायचं दुसऱ्यानं." तेवढंच. रडत बसायला सवड कुटं हुती?

मी घरामागं परड्यात गेलो. पहार आनली आन शिरपतीच्या हातात दिली.

"भिंत पाड."

"आई, येड लागलंय व्हय?"

"भिंत माझी हाय. हिच्यासाठी डोस्कं झिजवलंय मी. पंखाला हात लावायचा न्हाय."

"आन भाडेकरू?"

"त्येला म्हनावं, हितं वारं लै लागतंय."

शिरपती हलंना. मग पहार माघारी घेतली आन पयला घाव मीच घातला. दुसऱ्या घावाला शेजाऱ्यांनी पहार काढून घेतली माझ्या हातातनं. शिरपती तोंड वाकडं करून विटा उचलाय लागला.

विमानतळाजवळ असलं उडवायला बंदी. म्हनून भावजींनी काढलेल्या रिबिटांच्या जागी नवी मारली, आन ट्रॅक्टरवर घालून इमान बिद्रीकडं पावन्यांच्या ऊस तुटलेल्या रानात न्हेलं.

उडालं की! भावजींच्या हातात रिमोट, मान वर. दोन घिरट्या घातल्या आन खाली येताना सरीत आपटून चाक मोडलं. भावजी पळत गेलं. चाकाकडं बघितलंबी न्हाय. वाकून पायलटच्या चुंबळीवर टिचकी मारली आन कान लावला.

"वैनी," म्हनालं, "पत्रा घट्ट हाय."

"ती पलास्टिकची हाय, भावजी."

"व्हय," म्हनालं, आन दुसरीकडं तोंड करून मोडलेलं चाक हुडकाय लागलं. चाक त्यांच्या पायापाशीच पडलं हुतं.