उलटी होडी

शोकसभा सुरू झाली तेव्हा वडिलांच्या फोटोमागे टांगलेलं शहराचं बोधचिन्ह उलटं लागलंय, हे फक्त मुलीच्या लक्षात आलं. गोल पितळी चकती. पुसून परत लावताना शिपायाची गल्लत झाली असावी. होडी पालथी आणि तिच्या डोक्यावर लाटा.

वडील नगरपालिकेच्या संग्रहालयाचे प्रमुख. या चिन्हाला चिकटलेले अर्थ खरवडण्यात त्यांची हयात गेली. कुणी भाषणात होडीला शौर्याचं प्रतीक म्हटलं की ते भर सभेत उठत आणि सांगत, होडी म्हणजे होडी. पूल नव्हता तेव्हा लोक तिच्यातून यायचे. तीन लाटा म्हणजे सत्य, शांती, प्रगती? छे, कोरणाऱ्याकडे चौथीला जागा उरली नव्हती. पुढे पुढे त्यांना सभांची आमंत्रणं येईनाशी झाली.

"आत्या, चिन्ह उलटं आहे," ती कुजबुजली.

"तुझं आपलं बापासारखंच," आत्या म्हणाली. पण तिनं वर पाहिलं आणि तिची मान तिरकी झाली. मग शेजारणीची. मग अख्ख्या रांगेची.

नगराध्यक्षांनी बोलता बोलता मागे वळून पाहिलं. ते गडबडले नाहीत. पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "जाणता माणूस गेला की होडी उलटी करायची, ही आपल्या शहराची जुनी रीत आहे."

सभागृह हळहळलं. पुढच्या वक्त्यानं ही रीत आजोबांकडून ऐकली होती. त्याच्या पुढच्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. संध्याकाळपर्यंत शिडी लावून नगरपालिकेच्या फाटकावरचं चिन्हही उलटं झालं.

वडील असते तर पहिल्याच वाक्याला उठले असते. सभेत मुलगी उठायला गेली, पण आईनं तिचा हात घट्ट धरला होता. ते गेल्यापासून आई पहिल्यांदाच रडत होती. "केवढा मान दिला गं त्यांना," ती म्हणाली. मुलगी बसून राहिली.

पण झोप लागेना. चार दिवसांनी, आईला न सांगता, ती नगरपालिकेत गेली. हेडक्लार्कनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं खरं असेलही. पण प्रश्न जुन्या रितीचा आहे. आम्ही कोण ठरवणार?"

"मग कोण ठरवणार?"

त्यांनी समोरची फाइल मिटली.

"अशा वेळी आम्ही सरांना विचारायचो. तुमच्या वडिलांना."

कुणी यायचं राहिलं असावं, तशी ती दोघं दाराकडे बघत बसली.