लताबाई भारतात बंद

जेवायच्या आधी शालिग्रामने मोबाईल उघडला, तर बायकोच्या जागी काळा पडदा आणि खाली एक ओळ: ‘हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही.’

लताबाई गेल्यापासून तो रोज हा व्हिडिओ पाहूनच ताटावर बसे. त्यात ती कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी ठेचत होती आणि मधूनच त्याच्यावर खेकसत होती. पुतण्या हितेंद्रने तो यूट्यूबवर टाकला होता. मूळ व्हिडिओ ज्या मोबाईलमध्ये होता, तो मोबाईल विहिरीच्या तळाशी होता.

“देशात म्हंजे?” शालिग्राम म्हणाला. “माह्या बायकोनं देशाचं काय बिघडवलं?”

शेजारच्या गिरधरने डोकं खाजवलं. “वहिनी सरकारबद्दल काही बोलल्या का त्याच्यात?”

“कांदा महाग झाला म्हणे. तेवढंच.”

“मंग झालं!”

“तसं नाही, काका,” हितेंद्र म्हणाला. “मागं गिरधरकाकाच्या पोराची वरात चालली ना, तिच्यातलं गाणं ऐकू येतं. गाण्याचे इथले हक्क एका कंपनीचे. तिनं इथं बंद पाडलं. बाहेरच्या देशांत हक्क दुसऱ्यांचे, त्यांची हरकत नाही.”

“म्हंजे लता जर्मनीत चालते, मुक्ताईनगरात नाही?”

जिवंतपणी ती धुळ्याच्या पलीकडे गेली नव्हती.

शालिग्राम गिरधरकडे वळला. “तुह्या वरातीनं माही बायको बंद पाडली!”

“मी सांगलं होतं का तिले, त्याच टायमाले वांगे ठेच म्हणून?”

तरी गिरधरने वरातीत गाणं वाजवलेल्या धुळ्याच्या डीजेवाल्याला फोन लावला. ‘कंपनी’ आणि ‘हक्क’ हे दोन शब्द ऐकताच त्याने जो फोन बंद केला, तो पुढे लागलाच नाही.

शेवटी शालिग्रामने जर्मनीतल्या लेकीला सांगितलं. कामिनीचा फोन एरवी रविवारी यायचा आणि “मीटिंग आहे, नाना, ठेवते” इथेच संपायचा. आता ती दुपारच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर आई लावायची आणि मोबाईल तिकडे वळवून धरायची. इथे तेव्हा संध्याकाळ असे. व्हिडिओ संपला तरी फोन चालूच राही. गोळी घेतली का, केळीचे घड कापले का, भरताला तेल किती घालू. गिरधरही राग विसरून येऊन बसू लागला. “जर्मनीचा आवाज साफ शे बरं,” तो म्हणे.

एका संध्याकाळी हितेंद्र धावत आला. “काका, यूट्यूबवरच वरातीचा तुकडा कापून टाकला! चालू झाला आपल्याकडं!”

त्याच्या मोबाईलवर लताबाई वांगी ठेचत होती. शालिग्राम पापणी न लववता बघत राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“नाना, लावू का? का सुरू झाला तिकडे?”

“नाही गं बाई. बंदच आहे अजून.”

“अहो, ऐकू येतं का? ताट घ्या!” हितेंद्रच्या हातातून लताबाई ओरडली.

हितेंद्रने घाईघाईने मोबाईल छातीशी दाबला.

“नाना, आईचा आवाज आला...”

“गिरधरचा टीव्ही असंल.”

तिकडून कामिनीने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“बरं,” ती म्हणाली. “मग मीच लावते. नीट बसा.”