फक्त पुरुषांचं शिबिर

"कसलं शिबिर म्हनालात?" भागोजीने फोनवर विचारलं.

यज्ञेशने दुकानात कुणी गिऱ्हाईक नाही ना, हे वळून पाहिलं. दुकान चष्म्याचं, तीन भिंतींना आरसे. कुणी दिसलं नाही, पण स्वतःचाच घाबरलेला चेहरा चारपाच ठिकाणी दिसला.

"पुरुषांचं," तो हळू आवाजात म्हणाला.

"पुरुषांचं म्हंजे?"

"म्हणजे... फक्त पुरुष. दहाबारा जण. चार दिवस राहणार. स्वतः स्वयंपाक करणार, भांडी घासणार, गप्पा मारणार. मनातलं बोलणार."

"पुरुष?" भागोजीने पुन्हा विचारलं. "मनातलं?"

"हो."

"दारू?"

"अजिबात नाही."

"मग न्या जुवं," भागोजी म्हणाला. असे पुरुष त्याला एकदा बघायचेच होते.

जुवं म्हणजे खाडीच्या मधोमध असलेलं छोटं बेट. भागोजीच्या घराण्याकडे ते आजोबांपासून होतं. त्यावर नारळाची बाग, एक विहीर आणि पाहुण्यांसाठी अलीकडे बांधलेल्या तीन खोल्या. जायला भागोजीची होडी.

यज्ञेशने सांगितलेलं सगळं खरं होतं. फक्त एक गोष्ट त्याने गाळली होती, आणि सगळा मुद्दा तोच होता. ज्या पुरुषांना पुरुषच आवडतात, अशांचं हे शिबिर होतं. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी, कोल्हापूर इथले अकरा जण. कुणी शिक्षक, कुणी औषधविक्रेता, एक जण तर मंदिरात पुजारी. एकमेकांशी ते फोनवर बोलत, पण एका छताखाली कधीच जमले नव्हते. यज्ञेश एक्केचाळीस वर्षांचा होता आणि आईला त्याने अजून सांगितलं नव्हतं. कायद्याची भीती आता उरली नव्हती. उरली होती ती आळीची.

पहिला बेत अंदमानचा होता. मग एकाला रजा मिळेना, एकाला विमानाची भीती, एकाची आई अंथरुणाला खिळलेली. निळ्याशार समुद्रातलं बेट महिन्याभरात आक्रसत आक्रसत खाडीतल्या जुव्यावर येऊन थांबलं. नारळ तेच, पाणी मात्र गढूळ.

"एस.टी.ने जाता येईल असं जगात हे एकच बेट असेल," स्वरूप म्हणाला होता.

स्वरूप मूळचा संगमेश्वरकडच्या एका खेड्यातला, हातखंब्याला खानावळ चालवायचा. आळीच्या लेखी तो 'यज्ञेशचा मित्र' होता. सात वर्षांत दोघं एकत्र कुठे गेले तर खानावळीचा मिक्सर दुरुस्त करायला. शिबिराची कल्पना त्याचीच. "चार दिवस मला आवाज सांभाळायचा नाहीये," एवढंच तो म्हणाला होता. "तुझ्याशी बोलताना आजूबाजूला कोण आहे ते बघायचं नाही. बस."

भागोजीने ही बातमी बायकोला, सखूला सांगितली. सखू नारळ द्यायला यज्ञेशच्या आईकडे यायची.

"वैनी, तुमच्या यज्ञेशनं मोठं काम काढलान हां," नारळाचं पोतं टेकवत ती म्हणाली. "पुरुषांना रांधायला शिकवनार, भांडी घासायला लावनार. जुव्यावर नेऊन!"

राजश्रीबाईंचा ऊर भरून आला. मुलाने लग्न केलं नाही, याबद्दल त्यांना महिला मंडळात वर्षानुवर्षं बोलणी खावी लागली होती. आज पहिल्यांदाच त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी हाती आलं होतं. त्यांनी ते संध्याकाळी मंडळात सांगितलं. रंगवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मंडळातल्या उमाकाकू पायरीवर उभ्या होत्या. मागे पिशवी धरून श्यामकाका. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले.

"आमच्या ह्यांचं नाव घाल," काकू म्हणाल्या.

"कशात?"

"शिबिरात! राजश्रीने सांगितलं सगळं. अरे, शाळा सुटल्यापासून हा माणूस दिवसभर ओटीवर बसून असतो. बोलणं म्हणजे 'हं' आणि 'बरं'. चहाचा कप जागचा हलत नाही. चार दिवस ने, काहीतरी शिकव."

"पण काकांना आवडेल का?" यज्ञेशने आशेने काकांकडे पाहिलं.

"हं," काका म्हणाले.

यज्ञेशच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट आली. नियम इतके कडक सांगायचे की माणूस आपणहून माघार घेईल. "काकू, फार कठीण असतं हो. मोबाईल बंद ठेवायचा. टीव्ही नाही."

"देवच पावला," काकू म्हणाल्या.

"पहाटे उठून विहिरीचं पाणी काढायचं. स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे."

"लिही नाव."

"आणि..." यज्ञेशने शेवटचं हत्यार काढलं. "रडावंसुद्धा लागतं. सगळ्यांसमोर."

पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत उमाकाकू जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा हे रडले नाहीत रे. दिवस झाले आणि दुसऱ्या दिवशी पेपर तपासायला बसले. मला रात्री कण्हल्यासारखं ऐकू यायचं, दिवा लावला की बंद. रडू देत एकदा."

श्यामकाका रस्त्याकडे बघत होते. यज्ञेशने नाव लिहिलं. दुसरं काय करणार होता?

मग ओघ सुरू झाला. मृणालीने तिच्या वेदचं नाव दिलं, कारण लग्नाला तीन वर्षं होऊनही घरात मीठ कुठे ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं. दीपाली वहिनींनी नवऱ्याचं आणि दिराचं, अशी दोन नावं दिली आणि सासऱ्यांचं विचारून सांगते म्हणाल्या. प्रत्येकीला यज्ञेशने नवा नियम सांगून बघितला. मासे मिळणार नाहीत. दुपारी झोपायचं नाही. एकमेकांचे पाय चेपायचे. प्रत्येक नियम दुपारपर्यंत आळीभर व्हायचा आणि संध्याकाळी दोन नावं वाढायची. शनिवारी खुद्द सखूने निरोप धाडला की होडी चालवून झाली की भागोजीलाही बसवून घ्या.

स्वरूपला हे कळलं तेव्हा तो आधी खूप हसला. मग हसायचा थांबला.

"म्हणजे आता आपण तिथे जाऊन काय करायचं?" त्याने विचारलं. "श्यामकाकांना भात लावायला शिकवायचा?"

"मी काहीतरी कारण काढून रद्द करतो त्यांचं."

"काय कारण?"

"साप निघाला म्हणून सांगतो. किंवा होडीला भोक पडलंय."

"भागोजी तुझ्यासमोर भोक बुजवेल. यज्ञेश, ऐक. तो सावंतवाडीचा पुजारी सहा महिने वाट बघतोय. घरी त्याने पौरोहित्याचा वर्ग म्हणून सांगितलंय. तिथे आळीतली माणसं असली तर तो चार दिवस मंत्र म्हणत बसेल." स्वरूप थांबला. "आणि मी परत तुझा मित्र होईन. ते मी इथेही असतोच. त्याला बेट कशाला पाहिजे?"



रविवारी दुपारी जेवून तो खोलीतून बाहेर आला तर हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली. तिच्यावर सात बायका, आणि कडेला बसलेले श्यामकाका नि वेद. राजश्रीबाई खांडवीच्या बशा फिरवत होत्या.

"ये रे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना नीट माहिती सांग म्हणजे एकदाच काम होईल. मीच बोलावलं सगळ्यांना."

यज्ञेश उभा राहिला. सापाचं सांगायचं त्याने ठरवलं होतं. घोणस म्हणायचं की फुरसं, याचाही विचार झाला होता. त्याने घसा खाकरला.

"मला एक शंका आहे," मृणाली म्हणाली. "पुरुषांनीच पुरुषांना स्वयंपाक शिकवायचा असेल तर ते इथेही होईल की. बेटावर कशाला जायचं?"

शंका अगदी रास्त होती. कालपासून स्वरूपचा फोन आला नव्हता. यज्ञेशने समोरच्या चेहऱ्यांकडे बघितलं. यातल्या निम्म्या बायकांनी त्याला लहानपणी कडेवर घेतलं होतं.

"कारण इथे आम्हाला बोलता येत नाही," तो म्हणाला. "हे शिबिर ज्या पुरुषांना पुरुष आवडतात, त्यांचं आहे. लग्न करावं असे आवडतात, तसे. मी त्यातलाच आहे. स्वरूपही. भागोजीला मी अर्धंच सांगितलं, पुढे ते वाढत गेलं. चूक माझी आहे. पण ते चार दिवस आम्हाला आमच्यासाठी पाहिजेत."

खांडवीचा घास तोंडात घेतलेल्या बायकांना तो चावावा की नाही कळेना. वेद उगाच पंख्याकडे बघू लागला. दीपाली वहिनींनी पदर सावरला आणि "गॅसवर दूध आहे" असं म्हणत चपला घातल्या. त्यांच्यामागून आणखी दोघींचं दूध गॅसवर असल्याचं निघालं.

"म्हणजे," उमाकाकू सावकाश म्हणाल्या, "ह्यांना येता नाही येणार?"

"नाही काकू."

"थांबा जरा," श्यामकाका म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून सगळ्याच दचकल्या. "मला कांदा चिरायला शिकायचं होतं. मी मनाची तयारी केली होती." मग यज्ञेशकडे वळून ते म्हणाले, "पण तुझं म्हणणं बरोबर आहे. वर्ग ज्याचा, त्याचाच पाहिजे. इतर मुलं येऊन बसली की शिकणाऱ्याचं शिकणं होत नाही." एवढं बोलून ते दमले आणि चहा प्यायले.

राजश्रीबाई सतरंजीवर नव्हत्या. त्या आत गेल्या होत्या. सगळे गेल्यावर यज्ञेश स्वयंपाकघरात आला, तर त्या धुतलेल्याच बशा पुन्हा धूत होत्या.

"आई..."

"माझ्याशी बोलू नको."

"तुला वाईट वाटलं ते कळतं मला."

"काय कळतं तुला?" त्या वळल्या. डोळे लाल झाले होते. "सात बायकांच्यात बसवून सांगितलंस मला. दीपालीला कळलं त्याच क्षणाला मला कळलं. मी काय शेजारीण आहे?"

आईच्या प्रश्नासाठी यज्ञेशने गेल्या वीस वर्षांत हजार उत्तरं तयार ठेवली होती. देवधर्माची, डॉक्टरांची, नातवंडांची. या प्रश्नाचं एकही नव्हतं.

नंतरचे दोनतीन दिवस घरात 'जेवायला ये' यापलीकडे शब्द नव्हता. दुकानातही फरक पडला. नंबर काढून गेलेली दोन गिऱ्हाइकं चष्मा न्यायला आलीच नाहीत. भागोजीचा फोन आला तेव्हा यज्ञेशने तो तीनदा वाजू दिला.

"ऐकलं मी," भागोजी म्हणाला. "सखू सांगत व्हती."

"मग? जुवं देत नाही, असंच ना?"

"शब्द दिला तो दिला. पन मी थांबायचा नाय हां तिकडं. सोडीन, चौथ्या दिशी आनीन. मधी काय ता तुमचं तुमी. मला काय त्यातलं ऐकायचं नाय."

"चालेल," यज्ञेश म्हणाला. एवढं त्याला पुष्कळ होतं.

त्या संध्याकाळी राजश्रीबाईंनी ताट वाढताना आपणहून तोंड उघडलं. "तो स्वरूप येताना मला दर वेळी खरवस आणतो, तो म्हणूनच का?"

"नाही आई. तो मुळातच चांगला आहे."

"ते दिसतं मला," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ आमटी ढवळत राहिल्या. "त्याच्या घरी माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे तिथल्या आईला आळीआधी सांगायची संधी आहे अजून. सांग त्याला."

शिबिराच्या दिवशी सकाळी धक्क्यावर नऊ जण जमले. दोघांचं धैर्य आयत्या वेळी गळालं होतं. पुजारी मात्र आला होता, फुलाफुलांचा शर्ट घालून, आणि कुणी ओळखेल म्हणून वर शाल गुंडाळून. भागोजी होडीत उभा होता, नजर पाण्यावर ठेवून.

होडी सुटणार तेवढ्यात रिक्षा थांबली आणि तिच्यातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रेक्झिनची बॅग.

"यज्ञेश कोण?" त्यांनी विचारलं.

"मी. आपण?"

"मी हरिश्चंद्र. अलोऱ्याहून आलो, कोयनेच्या कॉलनीत होतो नोकरीला. उमाचा थोरला भाऊ." त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. "तिचा फोन आला. म्हणाली, दादा, तुझ्यासारख्यांचं शिबिर आहे, जा. मी म्हटलं, माझ्यासारख्यांचं म्हणजे? तर म्हणाली, आता या वयात मला तरी खेळवू नकोस." ते थोडं हसले. "आयुष्यभर मला वाटत होतं, घरात कुणाला माहीत नाही. आणि तिला वाटत होतं, मी आपणहून सांगेन. जागा आहे का?"

स्वरूपने पुढे होऊन त्यांची बॅग घेतली. "जागा आहे, दादा. पाय सांभाळून ठेवा, फळी ओली आहे."

होडी निघाली. हरिश्चंद्र जे बोलायला लागले ते थांबेनात. एस.टी. कुठे रखडली, गुडघ्याला कुठलं तेल लागू पडतं, कॉलनीत माकडांचा किती त्रास. निम्मी खाडी ओलांडल्यावर ते एकदम गप्प झाले. मागे वळून त्यांनी धक्क्याकडे पाहिलं. तिथे आता माणसं ओळखू येत नव्हती.

"दत्ताराम म्हणून एक जण होता," ते म्हणाले. "आमच्याच पाळीला. पावसाळ्यात एकदा दरड कोसळून रस्ता बंद झाला, आणि आम्ही दोघंच क्वार्टरवर अडकलो..."

होडी पाण्यावर जागच्या जागी डुलत होती, कारण भागोजीने वल्हं मारायचं थांबवलं होतं.

"मग?" भागोजीने विचारलं.