तळं हिरवं होईना

पुंडलिकनगरच्या भाड्याच्या घरात कालिंदी ताटातली भाकरी नुसतीच कुस्करत होती. चार वर्षं ती शहराबाहेरच्या एका तलावाचं पाणी तपासत होती, त्यावरून संगणकावर गणित मांडत होती. गणित म्हणत होतं, महिनाअखेरीपर्यंत तलाव शेवाळानं हिरवागार होणार. तेव्हाच तिचे मार्गदर्शक मुकुंद सर स्वतः बघायला येणार होते. भाकीत खरं ठरलं तर पीएच.डी. पदरात, नाहीतर आणखी एक वर्ष.

"मंग आडलंय कुठं?" घरमालक तात्यासाहेबांनी विचारलं. नोकरी शहरात आणि जीव गावच्या शेतात, असा हा माणूस. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, या भाडेकरू पोरीला कधी वेगळी चूल मांडू दिली नव्हती.

"शेवाळाला नत्र आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, लागतं, काका. ते पुरेसं मिळालं तरच..."

"नत्र, स्फुरद? अगं, मंग रडतीस कशाला! डीएपी खताच्या गोण्या पडल्यात गावाकडं. उद्याच टाकून येतो. वरून थोडा युरिया फेकू. बघ कसं पीक उभं ऱ्हातंय!"

कालिंदीला ठसका लागला. "काका, ते पीक नाही! विषारी असतं. मासे मरतात, ढोरं पाणी पिऊन आजारी पडतात."

तात्यासाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. "आन् तू त्याची वाट बघतीस?"

"वाट नाही हो. कधी येणार ते आधी कळलं, तर थांबवता येतं."

"येतं कुठून ते स्फुरद?"

"तलावाच्या वरच्या अंगाला म्हशींचा गोठा आहे, तिथून. शेण, म्हशी धुतलेलं पाणी, सगळं नाल्यानं तलावात."

"म्हंजी आपल्या त्या दूधवाल्या कारभाऱ्याच्या गोठ्यातून," तात्यासाहेब म्हणाले आणि मुकाट्यानं जेवू लागले. इतका बोलका माणूस गप्प झाला, तेव्हाच खरं तर तिनं सावध व्हायला हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात तलावानं अवसान गाळलं. पाण्यातलं स्फुरद उतरू लागलं, मागोमाग हिरवेपणाही. आधी तिला यंत्राचा संशय आला. दुसरं यंत्र उसनं आणलं, तर तेही तेच सांगू लागलं. मग गणिताचा संशय आला, मग स्वतःचा, शेवटी दहावीनंतर विज्ञानाला जाण्याच्या निर्णयाचा. वच्छलाबाईंना संशय आला तो नजर लागल्याचा. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून तिची दृष्ट काढली, पण तलाव काही ऐकेना.

महिनाअखेरीला सर बंधाऱ्यावर आले, तेव्हा पाण्याखाली मासे पळताना दिसत होते. सरांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

"कालिंदी, हिरवं कुठं आहे?"

ती तोंड उघडणार, तोच मोटारसायकलवरून तात्यासाहेब आले. मागे कारभारी बसला होता.

"नमस्कार सर! बघितलं का आमच्या पोरीचं काम? शेवाळाचं नाव नाय! नालाच बंद करवला मी. कारभाऱ्याच्या गोठ्यातलं समदं पाणी टँकरनं शेताला चाललंय."

"काका!" कालिंदी किंचाळलीच. "माझं भाकीत बुडवलंत तुम्ही!"

"थांब," सर म्हणाले. "गणितातही नाला बंद कर आणि बघ."

तिनं बंधाऱ्यावरच मांडीवर लॅपटॉप उघडला. वर चढणारी रेघ खाली आली, आणि महिनाभर जिला ती शिव्या देत होती ती एकेक नोंद नेमकी त्या रेघेवर जाऊन बसली.

सर हसले. "नाला सुरू असता तर काय झालं असतं आणि बंद केला तर काय होतं, दोन्ही तुझ्या गणिताला कळतं. एका प्रबंधासाठी एवढ्या म्हशींचं पाणी कुणी अडवून दिलं असतं का? झालं तुझं काम."

कालिंदीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सख्ख्यांनी केलं नसतं एवढं या माणसानं न सांगता केलं होतं, आणि ती त्याच्यावरच ओरडली होती. ती वाकून त्यांच्या पाया पडली. "काका, कसे फेडू तुमचे उपकार?"

"माझे कसले? या कारभाऱ्याला हात जोड. टँकर भरू भरू लई बेजार झालाय बिचारा."

कारभारी महिन्यात पहिल्यांदाच मोकळा हसला. "म्हंजी ताई पास झाल्या, व्हय? तात्या म्हणले व्हते, पोरीच्या परीक्षेपुरतंच दम धर. मंग आज सांजच्याला सोडू ना नाला?"

कालिंदीनं तलावाकडे पाहिलं आणि घाईघाईनं डोळे पुसले.

"नाही हो दादा, मी नापास झाले!"

कारभाऱ्याचा चेहरा पडला. त्यानं मोठ्या आशेनं सरांकडे पाहिलं.

"साफ नापास," सर म्हणाले. "दोन-तीन वर्षं तरी काही खरं नाही."